बॉनेटवरची गोधडी

थंडीत जुनी गाडी सुरू होत नाही, तेव्हा ती दोन वेगळ्या आवाजांत सांगते. पहिला आवाज दमलेल्या माणसाचा असतो. किल्ली फिरवली की सेल्फ कण्हतो, ओढत-ओढत एखादा फेरा घेतो आणि गप्प बसतो. तो बॅटरीचा दोष. दुसऱ्या आवाजात सेल्फ चांगला खणखणीत फिरतो, इंजिन खोकतं, चारातल्या दोन सिलिंडरांवर कसंबसं उभं राहतं, सगळी गाडी डब्यात खडे हलवल्यासारखी थरथरते आणि मरते. आमच्या गाडीचा आवाज हा दुसरा होता. गाझियाबादच्या नव्या सोसायटीतल्या त्या पहिल्या हिवाळ्यात तो मी इतक्या वेळा ऐकला, की आजही कुठल्या तरी गल्लीत सकाळी एखादी जुनी गाडी खोकली तर हातातलं काम थांबतं. आई असती तर तिनेही कान टवकारले असते आणि गाडीवाल्याला न विचारता सांगितलं असतं, "पेट्रोल येतंय त्याला. ठिणगी पडत नाहीये."

आई गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिच्याबद्दल लिहायला बसले की इतर काही न आठवता हाच हिवाळा समोर येतो. तो सुखाचा नव्हता. पण त्या हिवाळ्यात मी आईला पहिल्यांदा नीट पाहिलं असं मला वाटतं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बाबा गेले. ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते, आणि माझं सगळं लहानपण दिल्लीतल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं होतं. माणूस गेला की क्वार्टरही सोडावं लागतं. मुदत असते, पण ती संपते. बाबांनी हयातीत यमुनेपलीकडे एका सोसायटीत फ्लॅट घेऊन ठेवला होता, निवृत्तीनंतरसाठी. आम्ही दोघी तिथे गेलो तेव्हा इमारती उभ्या होत्या, पण लिफ्टच्या जागी नुसती पोकळी होती, रस्त्यांना नावं नव्हती आणि खिडकीतून मोहरीचं शेत दिसायचं. शेताच्या कडेला रोज एक नवी पाटी उगवायची: हे अपार्टमेंट, ते एन्क्लेव्ह. वीज गेली की खाली जनरेटर धडधडायला लागायचा आणि भिंतींतून कुकरच्या शिट्ट्यांबरोबर मिसळून जायचा. धुकं पडलं की दूरच्या रुळांवरच्या गाड्या रात्रभर हॉर्न देत राहायच्या. क्वार्टरमधल्या कडुलिंबाच्या सवयीने मी पहिले काही दिवस सकाळी पक्ष्यांची वाट पाहत पडून राहायची, मग कळलं की इथे पक्ष्यांना बसायला अजून काही उगवलेलंच नाही.

आई दिल्लीतल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. क्वार्टरपासून ती शाळा चालत जाण्यासारखी होती, इथून ती नदीच्या पलीकडे गेली. सोसायटीतून ऑफिसवाल्यांसाठी चार्टर्ड बस सुटायची, पण तिची वेळ शाळा भरून गेल्यानंतरची. दुसऱ्या बसने बॉर्डरपर्यंत, मग तिथून आणखी दोन बदलून जायचं, आणि धुक्यात त्यातली एक तरी येत नसे. म्हणून बाबांची गाडी. स्टिअरिंगलाच गियरचा दांडा असलेली, फिकट निळी, माझ्यापेक्षा वयाने मोठी. आईने चाळिशी उलटल्यावर तिच्यावरच हात बसवला, सोसायटीच्या कच्च्या रस्त्यावर, गवंड्यांच्या पोरांना बाजूला करत. दिवाळीपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. थंडी पडली आणि गाडी खोकायला लागली.

काही सकाळी ती सुरू व्हायची, काही सकाळी नाही. ज्या सकाळी नाही, त्या सकाळी मी, चौकीदार आणि पहिल्या मजल्यावरचे भटनागर अंकल असे तिघे धक्का मारायचो. भटनागर अंकल मफलर कानाला गुंडाळून, पायजम्यावर कोट चढवून यायचे आणि धक्का मारता-मारता सल्ला द्यायचे. "मिसेस देशमुख, ये गाडी नहीं, जॉइंट फॅमिली है. सब मिलके चलाते हैं. नई वाली छोटी ले लीजिए ना, बटन जैसी स्टार्ट होती है." आई काच खाली करून हसायची आणि म्हणायची, "अंकल, पहले धक्का." ती त्यांना अंकलच म्हणायची, ते तिच्यापेक्षा फार मोठे नव्हते तरी. गाडी सुरू झाली की ती हात बाहेर काढून हलवायची आणि धुक्यात नाहीशी व्हायची. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नव्हतं. पहिल्या तासाला वर्ग बाईंशिवाय बसतो अशी तक्रार प्राचार्यांपर्यंत गेली होती. त्यांनी आईला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की झालं ते समजून घेतलं, पण नव्या सत्रापासून वेळेवर पोचणं जमणार नसेल तर शाळेला दुसरा विचार करावा लागेल.

इकडे साताऱ्याहून विनूकाकांची पत्रं येत होती. विनूकाका बाबांचे धाकटे भाऊ, साखर कारखान्यातली इंजिनं सांभाळायचे. त्यांनी गावातल्या शाळेत आईसाठी शब्द टाकला होता, घरातल्या वरच्या दोन खोल्यांना रंग दिला होता, माझ्या कॉलेजची चौकशी करून ठेवली होती. त्यात कुठेही वाईट हेतू नव्हता. परक्या मुलखात, अर्धवट बांधलेल्या वस्तीत दोघी बायका काय करणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता.  आईने कळवलं, "हिवाळा संपेपर्यंत थांबा. गाडी रोज सुरू व्हायला लागली तर आम्ही इथेच राहू. नाही झाली तर येऊ." मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि त्या कॉलेजच्या वाचनालयात मला माझी एक खिडकी सापडली होती. मी आईला विचारलं, "आपलं सगळं एका गाडीवर कसं ठेवलंस तू?" ती मेथी निवडत होती. म्हणाली, "कारण गाडी समजून घेता येते. बाकीचं काही मला सध्या समजत नाहीये."

ती गाडीच्या मागे लागली ती तिच्या पद्धतीने. आधी आम्ही मेकॅनिक बिल्लूकडे गेलो होतो. बिल्लूने प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून साफ केला आणि बॅटरीत पाणी घातलं, सगळं एकाच दुपारी. गाडी त्याच्याकडे लगेच सुरू झाली, कारण ती दुपारी नेहमीच सुरू व्हायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. बिल्लू म्हणाला, "मॅडमजी, गाडी बिल्कुल ठीक है. आपका हाथ ठंडा है." आई घरी येताना वैतागली होती, पण त्याच्या बोलण्यावर नव्हे. "चार गोष्टी एकदम बदलल्या," ती म्हणाली. "आता बरी झाली असती तरी कशाने झाली ते कळलं नसतं. एका वेळी एकच बदलायची असते." मग ती एकेक बदलत गेली. एका सकाळी चोक पूर्ण ओढून, एका सकाळी अर्धा. एका सकाळी ॲक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. एकदा तिने एक प्लग काढून माझ्या नाकाखाली धरला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, पेटत नव्हतं. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरीही बरी होती. राहिली ठिणगी.

आणि मग तिच्या लक्षात आलं की गाडीचं दुखणं थंडीचं नव्हतंच. कडाक्याच्या पण निरभ्र सकाळी, जेव्हा नळाखाली हात धरवत नसे, तेव्हा गाडी थोडी कुरकुरून सुरू व्हायची. धुक्याच्या सकाळी, त्या मानाने ऊबदार असल्या तरी, हटकून अडायची. "ओल," आई म्हणाली. "ओलीने ठिणगी भलतीकडे जाते." इथपर्यंत ती पोचली आणि अडली. कारण धुकं काही आमच्या एकट्या गाडीवर पडत नव्हतं. शेजारी भटनागर अंकलची गाडी आमच्या गाडीच्याच वयाची, तीही उघड्यावर, आणि ती सुरू व्हायची. ते आम्हाला धक्का मारून झाल्यावर तीच गाडी काढून दूध आणायला जायचे.

आता गोधडीबद्दल सांगायला हवं. बाबांना जुन्या गाडीची थंडी सोसवत नसे. ते मूळचे साताऱ्याकडचे, जनावराच्या पाठीवर थंडीत पोतं टाकणाऱ्या घरातले. हिवाळ्याच्या संध्याकाळी ऑफिसातून आले की इंजिन गरम असतानाच ते बॉनेटवर गोधडी पसरायचे. आत्याने शिवलेली, जाड, चार पदरी, बारीक धावदोऱ्याची. ती वाऱ्याने उडू नये आणि कोणी पळवू नये म्हणून बॉनेट जरासं उचलून तिची एक कड आत सरकवायचे आणि बॉनेट दाबून बंद करायचे. मग वरून एक थाप. लहानपणी मला वाटायचं की सगळेच लोक गाडीला असं निजवतात. ते गेल्यावर आम्ही दोघींनी काही फारसं केलं नाही. आई व्रतवैकल्यांतली नव्हती, फोटोला हार घालणंही तिला जमायचं नाही. पण संध्याकाळी दोघी मिळून खाली जायचो, गोधडी पसरायचो, कड आत सरकवायचो आणि बॉनेटवर थाप मारायचो. तेच आमचं बाबांचं करणं होतं. आणि ज्या संध्याकाळी धुकं उतरायला लागलेलं दिसे, त्या संध्याकाळी गोधडी आम्ही जास्तच नीट खोचायचो.

जानेवारीच्या मध्यावर काका आले. मुंबईमार्गे आलेले, धुक्यात अडकून अर्धा दिवस उशिरा पोचलेले, अंगात एक स्वेटर आणि हातात शेंगदाण्याची चटणी, काकवीची बरणी, बाजरीचं पीठ. जिना चढून दमल्यावर पहिलं वाक्य, "वहिनी, हे काय, तुम्ही ढगातच घर घेतलंय." आईने भाकऱ्या केल्या, मटारची उसळ केली, काकांनी मटार गोड आहेत म्हणून दोनदा घेतली आणि पाय रजईत घेऊन बसले. रजया घरात दोनच होत्या. क्वार्टर सोडताना बाकीचं बिऱ्हाड वाटून टाकलेलं. झोपायच्या वेळी हा पेच उभा राहिला. आई मला म्हणाली, "खालून गोधडी आण. आज गाडी तशीच राहू दे." मी गेले. इंजिनावर टाकून अजून फार वेळ झाला नव्हता, गोधडी कोरडी होती आणि कोमटही. काका ती नाकापर्यंत ओढून म्हणाले, "दादाच्या गाडीची ना ही? पेट्रोलचा वास येतोय. मला विडी ओढू देऊ नका आज."

सकाळी खिडकीबाहेर काही नव्हतं. शेत नाही, पाट्या नाहीत, समोरची इमारतही नाही. असं धुकं म्हणजे धक्का ठरलेलाच. काका अंगावर गोधडी तशीच लपेटून आमच्या मागे खाली आले, गाडीचं दुखणं स्वतः ऐकायला. भटनागर अंकल मफलर बांधत येत होते. आईने चोक ओढला, किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, आणि इंजिन लागलं. थरथरलं नाही, खोकलं नाही. चारही सिलिंडर एका सुरात.

आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. भटनागर अंकलना जरा वाईटच वाटलं असावं. ते म्हणाले, "मेहमान का असर है."

"मी हात पण लावला नाही," काका म्हणाले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नव्हे, खांद्यांवरून खाली लोंबणाऱ्या गोधडीकडे. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "भाऊजी, आज रात्री तुम्हाला दुसरं पांघरूण बघू या," आणि गियर टाकून निघून गेली.

भटनागर आंटीकडून एक रजई आली. संध्याकाळी आम्ही गोधडी नेहमीसारखी गाडीवर घातली. काका म्हणाले, एका सकाळीवरून काही ठरत नाही, कारखान्यात असे योगायोग रोज होतात. आई म्हणाली, "म्हणूनच घालतोय." दुसरा दिवस रविवार होता, शाळेची घाई नव्हती, आणि धुकं कालच्यासारखंच दाट होतं. किल्ली फिरवल्यावर गाडी खोकली, थरथरली आणि मेली. आईने पुन्हा प्रयत्न केला नाही. ती उतरली, गोधडीला हात लावला. ती धुक्याने भिजून जड झाली होती, पिळली असती तर बादली भरली असती. मग तिने बॉनेट हळूच उचललं आणि काकांना जवळ बोलावलं. आत सरकवलेली कड आतल्या बाजूला लोंबत होती, आणि तिच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमत होता. जमला, मोठा झाला, पडला. त्याच्या खाली डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी होती, जिच्यातून चारही प्लगांना पाळीपाळीने वीज जाते. टोपी ओली, तिच्यातून निघणाऱ्या तारा ओल्या.

"वातीसारखं," आई म्हणाली. "वात जसं तेल वर ओढते ना, तशी ही रात्रभर वरचं पाणी आत ओढते."

काकांनी बोट लावून पाहिलं. इंजिनं जन्मभर पाहिलेला माणूस, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनीच टोपीच्या क्लिपा काढल्या, तारा पुसल्या. आई टोपी घेऊन वर गेली, गॅस बंद केलेल्या कोमट तव्यावर फडकं पसरून ती सुकवली, आतून-बाहेरून पुसली. खाली आणून बसवली. गाडी पहिल्या फेऱ्याला लागली.

काका बॉनेटला टेकून उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे दादाची गोधडीच."

मला ते ऐकवलं नाही. मी म्हटलं, "बाबा इतकी वर्षं घालायचे. तेव्हा कधी अडली नाही." माझा आवाज चढला असावा, कारण चौकीदाराने वळून पाहिलं.

आईने इंजिन चालू ठेवलं होतं. त्या आवाजातच ती बोलली. "ह्यांचं काही चुकलं नाही, मीना. क्वार्टरला पत्र्याची शेड होती. तिथे गोधडीला थंडी लागायची, दव लागायचं नाही. इथे वर शेड नाही. त्यांनी इथे एक हिवाळा काढला असता, तर त्यांनीच काढून टाकली असती." मग म्हणाली, "ते गाडीसाठी घालायचे. आपण त्यांच्यासाठी घालत होतो."

हे वाक्य मी नंतर अनेकदा तपासून पाहिलं आहे, विशेषतः या वर्षात, आईच्या वस्तूंचं काय करायचं हे ठरवताना. तिचे चष्मे, प्रयोगशाळेतला पिवळा पडलेला कोट, तिने ज्या पद्धतीने डबे लावले होते ती पद्धत. दरवेळी मी स्वतःला विचारते की हे मी कशासाठी ठेवते आहे, आणि दरवेळी उत्तर स्पष्ट मिळतं असं नाही. पण विचारता येतं, हे तिचं देणं आहे. त्या सकाळी मात्र मी वर जाऊन रडले. आईने मला रडू दिलं आणि गोधडी गच्चीवर वाळत टाकली. दोन दिवस ऊन पडलं नाही, ती वाळायला आठवडा लागला.

त्या आठवड्यात रोज धुकं होतं आणि गाडी रोज सुरू झाली. कधी थोडी कुरकुरून, जशी कुठलीही जुनी गाडी करते. संध्याकाळी आम्ही खाली जायचो नाही, आणि त्या वेळी घरात काय करायचं ते आम्हा दोघींनाही कळायचं नाही. काकांनी ते पाहिलं आणि त्या वेळेला ते आम्हाला पत्ते खेळायला बसवू लागले. ते उघड-उघड लबाडी करायचे. आई म्हणायची, "भाऊजी, राणी तुमच्या बाहीत आहे," आणि ते म्हणायचे, "वहिनी, तिला थंडी वाजतेय." साताऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. वरच्या खोल्यांना दिलेला रंग मात्र माझ्या मनात सारखा येत होता. त्यांनी तो प्रेमाने दिला होता.

परतीच्या रविवारी सकाळी आम्ही त्यांना स्टेशनवर सोडायला निघालो. गाडी लागली. बॉर्डरच्या अलीकडे एसटीडीचं काचेचं बूथ होतं, शेजारी गजकचं, तिळाच्या कुरकुरीत वड्यांचं, दुकान. काका म्हणाले, घरी एक फोन करतो. ते आत गेले, दार नीट लागलं नाही, आणि फोनवर लांबचं बोलताना सगळे ओरडतात तसे ते ओरडून बोलत होते, त्यामुळे काकूला सांगितलेलं सगळं मला गाडीत ऐकू आलं.

"हो, निघालो. नाही, एकटाच... नाही, त्या येत नाहीत. अगं, ऐक तर. हेडमास्तरांना सांग की जागा दुसऱ्या कोणाला द्या... खोल्या राहू देत, उन्हाळ्यात येतील त्या राहायला. सुट्टीला... का म्हणजे काय, वहिनींना गाडी कळली. हो, गाडी. आल्यावर सांगतो."

त्या हिवाळ्यात सकाळी एकदा सुरू झालेली गाडी आम्ही शाळेपर्यंत कधी बंद करत नव्हतो. दूध घेताना, फाटकापाशी, कुठेही इंजिन धडधडत ठेवायचो, न जाणो म्हणून. आईने बूथकडे पाहिलं, मग गजकच्या दुकानाकडे. दुकानदार नुकतंच फळकूट काढत होता. तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, पर्स घेतली आणि म्हणाली, "चल, काकूसाठी साखरेची घेऊ या. गुळाची तिला आवडत नाही."